चार्टवर सगळ्यांचेच श्वास २० कसे?

तिसरी पाळी | ८ डिसेंबर, सकाळी ९:१०

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदीचा कागद, उघडून बघा. ताप प्रत्येकाचा वेगळा, नाडी वेगळी, बीपी वेगळं. श्वास मात्र सरसकट मिनिटाला २०. न्यूमोनियाचे आजोबा २०, हर्नियाचं ऑपरेशन होऊन कंटाळलेला तरुण २०, रात्रभर उशीला टेकून बसलेली दम्याची बाई, तीही २०. लिहिणारा जरा हौशी असेल तर मधूनच एखादा १८.

मी नाशिकमध्ये श्वसनविकारांच्या आयसीयूत काम करते. हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका. नवीन मुलामुलींची बॅच आली आहे, थंडीने वॉर्ड भरलाय, आणि रोज तेच चार्ट बघून शेवटी धागा काढतेय.

बाकीचे आकडे यंत्र देतं. श्वासाला घड्याळ आणि अख्खं एक मिनिट लागतं. तीस पेशंटना दोन सिस्टर असल्या की आधी हे मिनिट कापलं जातं, हे मलाही कळतं. पण ज्याचं पुढच्या काही तासांत बिघडणार असतं त्याचा श्वास बहुतेक वेळा बीपी आणि सॅच्युरेशनच्या (रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीच्या) आधी बदलतो. शरीर जोर लावून ऑक्सिजन टिकवून धरतं, म्हणून बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९६ दिसतो. तो ९६ त्याला केवढ्याला पडतोय हे छातीकडे बघितल्याशिवाय कळत नाही.

माझी पद्धत अशी. मनगट धरायचं, नाडी मोजायची, आणि नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही. नजर छातीवर न्यायची. पेशंटला वाटतं नाडीच चाललीय. "आता तुमचा श्वास मोजते हं" म्हटलं की श्वास बदललाच, कारण मनात आणलं तर माणूस तो बदलू शकतो. नाडीचं तसं नसतं. चादर गळ्यापर्यंत ओढलेली असेल तर खाली करा. तरी दिसत नसेल तर विचारून पोटावर हलका हात ठेवा. मोजायचं पूर्ण ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते. चार्टवर १६, २०, २४ हेच आकडे का नांदतात याचंही उत्तर तिथेच आहे.

त्याच मिनिटात बाकीचं बघून होतं. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जातायत का? गळ्याच्या हाडावरचा खळगा आत जातोय का, नाकपुड्या फुलतायत का? दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे झुकून बसलाय का? ओठांचा चंबू करून श्वास सोडतोय का? आणि श्वास घेताना पोट बाहेर यायचं सोडून आत जात असेल तर छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा थकलाय. अशा वेळी चार्ट लिहीत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

बोलायला लावायचंच. "बरं वाटतंय का" विचारलं की मान हलते, काही कळत नाही. मी विचारते, सकाळी चहा घेतला का, कुणी आणला, साखर बरोबर होती का. अख्खं वाक्य एका दमात आलं तर ठीक. दोन-दोन शब्दांवर तुटायला लागलं तर आकडा काहीही असो, मी तिथून हलत नाही.

ब्रिटनमध्ये २०१२ पासून पेशंट बिघडतोय का हे वेळेत ओळखायला न्यूज नावाची गुणपद्धत आहे, २०१७ मध्ये सुधारली. आपल्याकडेही काही ठिकाणी वापरतात. त्यात मिनिटाला १२ ते २० श्वास म्हणजे शून्य गुण, २१ ते २४ म्हणजे २, आणि २५ किंवा जास्त म्हणजे थेट ३. खाली ९ ते ११ ला १, आणि ८ किंवा कमी असेल तर परत ३. एकाच गोष्टीत ३ पडले की बाकी सगळं छान असलं तरी डॉक्टरांनी तातडीने बघायचं. म्हणजे २६ च्या जागी २० लिहिणं ही नुसती आळसाची गोष्ट राहत नाही. तीन गुण पुसले जातात आणि डॉक्टरला बोलावायचं कारणच जातं.

तुमच्याकडे कसं चालतं? सिस्टर, ब्रदर, डॉक्टर, घरी पेशंट सांभाळणारे, सगळ्यांनी लिहा.

शंकासूर | ८ डिसेंबर, सकाळी १०:०२

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, अंबडला कारखान्यात मशीन सांभाळतो. पण आयसीयूतल्या मॉनिटरवर श्वासाचा आकडा येतो की. वडिलांच्या वेळी बघितलाय, निळ्या की पिवळ्या रेषेखाली. मग डोळ्याने मोजायचा अट्टहास कशाला? माणसापेक्षा सेन्सर बरा असा आमचा अनुभव.

तिसरी पाळी | ८ डिसेंबर, सकाळी १०:४०

@शंकासूर, तुम्ही मशीनवाले आहात म्हणून सेन्सर काय मोजतो ते सांगते. छातीवर ईसीजीच्या ज्या चकत्या लावतो, त्यांच्यामधून अगदी बारीक प्रवाह सोडतात. छाती फुगली की रोध बदलतो, त्या चढउताराला मॉनिटर श्वास म्हणतो. म्हणजे तो छातीची हालचाल मोजतो, हवा आत गेली का ते त्याला माहीत नाही. जीभ मागे पडून घसा बंद झालेला पेशंट जोरजोरात छाती हलवत असतो. हवा आत शून्य, पण मॉनिटर आनंदाने १८ दाखवतो. उलट उथळ श्वास असला की काही गाळतो. पेशंट खोकला, कूस वळला, नातेवाइकांशी बोलला की वाटेल ते आकडे. चकत्या नीट चिकटलेल्या नसल्या तर हृदयाचे ठोकेच श्वास म्हणून मोजतो.

बाहेर सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र असतं, ते खरं सांगतं. पण ते बहुतेक व्हेंटिलेटरच्या पेशंटना. जनरल वॉर्डात मॉनिटरच नसतो, तिथे घड्याळच.

भाता | ८ डिसेंबर, दुपारी २:१५

छातीच्या रोगांचा डॉक्टर आहे, गंगापूर रोडला बसतो. धागा चांगला काढलात सिस्टर. १९९३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. मेडिसिन वॉर्डात हृदय बंद पडलेल्या पेशंटांच्या आधीच्या नोंदी तपासल्या, तर मिनिटाला २७ च्या वर गेलेला श्वास ही सगळ्यांत बोलकी खूण निघाली. नाडी आणि बीपी तितकं काही सांगत नव्हते. तीस वर्षं झाली, आपण अजून २० लिहितोय.

थोडी भर.

श्वासाची गती वाढली म्हणजे फुप्फुसच बिघडलं असं समजू नका. मधुमेहाच्या पेशंटचा श्वास खोल, जोरात, न थांबता चाललाय, छाती स्वच्छ, सॅच्युरेशन ९९, अशा वेळी आधी साखर तपासा. रक्तात आम्ल वाढलंय आणि शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकतंय. त्याला कुसमौल श्वसन म्हणतात. नेब्युलायझर लावून काही होत नाही. दुसरा प्रकार, श्वास वाढत वाढत जातो, मग कमी होत होत थांबतो, काही सेकंद काहीच नाही, मग परत सुरू. हे हृदय कमजोर असलेल्यांत आणि शेवटच्या दिवसांत दिसतं. १५ सेकंद मोजणारा नेमका त्या थांब्यात सापडला तर मिनिटाला चार लिहील, चढात सापडला तर चाळीस.

आणि दम्याच्या अटॅकमध्ये छातीत शिट्ट्या वाजत असतील तर निदान हवा फिरतेय. मघापर्यंत वाजत होत्या आणि आता बंद झाल्या, पेशंट मात्र दमलेला, घामेजलेला, तर नातेवाईक म्हणतात, आता शांत झालाय. तो शांत झालेला नसतो, शिट्टी वाजवण्याइतकीही हवा जात नसते. तसंच रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचं. अटॅकच्या सुरुवातीला जोराच्या श्वासामुळे तो ३५ च्या खाली जातो. तासाभराने रिपोर्ट ४० आला की ज्युनिअर डॉक्टर "नॉर्मल आहे सर" म्हणून खूश होतो. त्या वेळी तो ४० म्हणजे पेशंट थकला, व्हेंटिलेटर जवळ आणून ठेवा.

शंकासूर | ८ डिसेंबर, दुपारी ३:३०

मान्य. पण डोळ्यावरही किती भरवसा ठेवायचा? कोविडमध्ये लोक ७५-८० सॅच्युरेशनवर मोबाईलवर गप्पा मारत होते. धाप नाही, काही नाही. तेव्हा ऑक्सिमीटर नसता तर?

तिसरी पाळी | ८ डिसेंबर, दुपारी ४:०५

बरोबर बोललात. तेव्हा डोळा फसत होता आणि बोटावरच्या क्लिपने कित्येकांना वेळेत हॉस्पिटलात आणलं. सहा मिनिटं चालवून परत बघायचं तेव्हापासूनच घराघरांत माहीत झालं. बसल्या जागी ९६ आणि चालल्यावर तीन-चार अंकांनी खाली, म्हणजे फुप्फुसात काहीतरी आहे. पण त्यातल्याही पुष्कळांचा श्वास, शांतपणे मोजला तर, २८-३० निघायचा. त्यांना धाप जाणवत नव्हती, पण मोजणाऱ्याला दिसत होती.

निफाडकर | ८ डिसेंबर, रात्री ८:५०

नमस्कार ताई. आमच्याकडे आता पहाटेचं तापमान एक आकडी असतं, द्राक्षाला रात्री पाणी देऊन, शेकोट्या करून जपतोय. वडील ७१ वर्षांचे, जुनी बिडी, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) सांगितलंय. पहाटे ऑक्सिमीटर लावला तर कधी ८२, कधी नुसत्या रेघा, कधी १०० च्या वर नाडी. घाबरून गाडी काढतो तोपर्यंत ९१ येतो. मशीन खराब समजायचं की वडील?

आणखी एक, कुणीतरी म्हणालं नाशिक उंचावर आहे म्हणून इथे आकडा कमीच येणार. खरं का?

भाता | ८ डिसेंबर, रात्री ९:३५

@निफाडकर, बहुधा दोघांचाही दोष नाही, थंडीचा आहे.

ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, एक लाल, एक डोळ्याला न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून हिशेब. ही युक्ती १९७४ मध्ये ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने शोधली. २०२० च्या एप्रिलमध्ये, सगळं जग त्याच यंत्राकडे डोळे लावून बसलेलं असताना, ते वारले. यातली मेख अशी की प्रत्येक ठोक्याला बोटात येणाऱ्या रक्ताच्या लहरीवर सगळा हिशेब चालतो. गारठ्याने बोटाच्या रक्तवाहिन्या आकसल्या की लहर सापडत नाही आणि यंत्र जमेल तो आकडा लावतं.

म्हणून हात चोळून किंवा गोधडीत घालून गरम करा. मधलं बोट घ्या, हात टेकवून ठेवा, मिनिटभर थांबा. मग एका हाताने मनगटाची नाडी मोजा. यंत्राची नाडी आणि तुमची मोजलेली नाडी जुळली तरच सॅच्युरेशनचा आकडा धरायचा. काळी मेंदी किंवा गडद नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट. आणि गडद कातडीवर ही यंत्रं थोडा चढा आकडा दाखवू शकतात, हे २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या मोठ्या तुलनेत दिसलं. उन्हात राबलेल्या आपल्या शेतकरी हातांना ९२ आला तर तो ९२ च असेल असं समजून निर्धास्त होऊ नका.

उंचीचं म्हणाल तर नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर. तेवढ्याने निरोगी माणसाच्या सॅच्युरेशनमध्ये काही फरक पडत नाही. तो बहाणा लेहला चालेल.

सिडकोची सून | ९ डिसेंबर, सकाळी ७:२०

सासूबाईंना घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) आहे, मिनिटाला २ लिटरवर. आयुष्यभर चुलीपुढे स्वयंपाक केलाय, कधी विडीला हात लावला नाही तरी सीओपीडी. सॅच्युरेशन ८९-९० दिसतं. डॉक्टर म्हणाले ठीक आहे. नणंद पुण्याहून व्हिडिओ कॉल करते आणि ओरडते, ९५ च्या खाली का, वाढव. परवा ४ वर केला तर ९७ आला, सगळे खूश. पण दुपारभर झोपूनच होत्या, जेवायला उठवलं तर गुंगीतच. परत २ वर आणला. यातलं बरोबर कोण?

तिसरी पाळी | ९ डिसेंबर, सकाळी ७:४५

@सिडकोची सून, २ वर आणलात ते बरोबर. आधी हे सांगा, आज त्या कशा आहेत? हाक मारली की नीट बोलतात का? सकाळी डोकं दुखतंय म्हणतात का? दोन्ही हात पुढे करून पंजे मागे वळवून धरायला सांगा, पंजे थाड थाड पडतायत का बघा. यातलं काही असेल, किंवा पुन्हा गुंगी वाटली, तर आजच हॉस्पिटलात न्या, रक्तातला वायू तपासावा लागेल. काहीही नसलं तरी परवाची दुपार डॉक्टरांना फोन करून सांगाच.

भाता | ९ डिसेंबर, सकाळी ८:३०

सिस्टरांशी सहमत. ऑक्सिमीटर ऑक्सिजन सांगतो, कार्बन डायऑक्साइडबद्दल एक अक्षर सांगत नाही. सीओपीडीच्या काही पेशंटांत तो साठण्याची सवय असते. त्यांना ऑक्सिजन जास्त दिला की साठा आणखी वाढतो, माणूस गुंगतो, श्वास मंदावतो, आणि बोटावर मात्र ९७-९८ झळकत राहतात. म्हणून अशांसाठी लक्ष्य ८८ ते ९२ ठेवतात. बाकीच्या बहुतेक आजारी माणसांसाठी ९४ ते ९८. तुमच्या सासूबाई पहिल्या गटात असाव्यात, म्हणून डॉक्टर ८९ ला ठीक म्हणाले. प्रत्येक सीओपीडीवाल्याला हा नियम लागू नाही. कुणाला कुठला ते तुमचे डॉक्टर एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी, बघून ठरवतात. तोपर्यंत नॉबला हात लावायचा नाही, नणंदेने लावायला सांगितलं तरी.

कॉन्सन्ट्रेटर देवघरापासून लांब आहे ना? निरांजन, उदबत्ती, गॅस. नळी नाकाला असताना आरती ओवाळताना लोक बघितलेत मी.

सिडकोची सून | ९ डिसेंबर, सकाळी ११:१०

आभार ताई, डॉक्टरसाहेब. आज बोलतायत, डोकं दुखत नाही, पंजे स्थिर आहेत. डॉक्टरांना फोन झाला, उद्या एबीजीला बोलावलंय. मनगटातून रक्त काढतात ते फार दुखतं का? देवघर आतल्या खोलीत आहे. नणंदेला ही लिंक पाठवली, अजून उत्तर नाही :)

तिसरी पाळी | ९ डिसेंबर, सकाळी ११:३०

नेहमीच्या रक्तापेक्षा जास्त दुखतं, धमनीतून घेतात ना. काढल्यावर पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आणखी. आणि किती लिटरवर ऑक्सिजन चालू असताना रक्त घेतलं हे कागदावर लिहायला लावा. ते नसलं की रिपोर्टचा अर्थ लावता येत नाही.

पेठरोड | ९ डिसेंबर, दुपारी १:२५

पेठ-सुरगाण्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलंय, आता शहरात आहे. तिकडे मोजणं हेच मुख्य हत्यार, एक्स-रे दूर.

लहान मुलांचे आकडे मोठ्यांपेक्षा वेगळे, हे इथे लिहायला हवं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, मिनिटाला ६० किंवा जास्त. दोन महिने ते वर्षाच्या आतलं, ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षं, ४० किंवा जास्त. खोकला-सर्दी असताना याच्या वर गेलं तर न्यूमोनिया धरून चाला. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच लयीत नसतो, म्हणून ६० आला की पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजायचा. बाळ आईच्या मांडीवर, शांत किंवा झोपलेलं, झबलं वर करून. रडताना मोजलेला आकडा फुकट. तापाने फणफणलेलं असेल तर ताप उतरल्यावर परत मोजा. आणि आकडा न मोजताही, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, दूध ओढत नसेल, तर उशीर न करता पुढे पाठवा. आशाताई हे फार छान करतात, त्यांच्याकडून शिकावं. आईने "पोट उडतंय" म्हटलं तर ती सहसा चुकत नाही.

ओठ-नखं निळी पडण्याची वाट तर कधीच बघू नका. १०० मिली रक्तात ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन साधारण ५ ग्रॅम झालं की निळं दिसतं. ज्या बाईचं एकूण हिमोग्लोबिनच ६ आहे ती निळी कशी पडणार? आमच्याकडे अशा कितीतरी. त्या पांढऱ्याफटकच राहतात.

आता दुसरी गोष्ट. साप आणि फवारणी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसतेच असं नाही. सकाळी पोटात दुखतंय, घसा धरलाय म्हणत येतो. पापण्या जड. सॅच्युरेशन ९८. इथे फुप्फुस ठणठणीत असतं, श्वासाचे स्नायूच हळूहळू लुळे पडत असतात, त्यामुळे ऑक्सिमीटर अगदी शेवटपर्यंत चांगला आकडा देतो. त्याला उशीवरून मान उचलायला सांगायची. मग एका श्वासात आकडे म्हणायला लावायचे. निरोगी माणूस चाळीस-पन्नासपर्यंत सहज जातो. पंधरा-वीसच्या आत अडकला तर स्नायू गेलेत. दर अर्ध्या तासाने परत. एका आजोबांना आकडे येत नव्हते, त्यांना विठ्ठल विठ्ठल म्हणायला सांगून आम्ही मोजायचो.

निफाडकर | ९ डिसेंबर, दुपारी २:००

फवारणीचं जरा लिहा ना. आमच्याकडे हंगामात मजूर चक्कर येऊन पडतात, लिंबू-पाणी देऊन सावलीत झोपवतात.

पेठरोड | ९ डिसेंबर, दुपारी २:५०

लिंबू-पाणी नको, गाडी काढा, १०८ लावा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं अंगावर, श्वासात गेली की तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, घाम, उलटी-जुलाब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद, आणि छातीत पाणी भरल्यासारखी घरघर. कपडे काढून साबणाने धुवा, स्वतः हातमोजे घालून, नाहीतर तुम्हीही पडाल. औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर न्या.

हॉस्पिटलात अॅट्रोपीन देतात, ते किती द्यायचं याचा मुख्य निकष छाती कोरडी झाली का हाच. नाडी वाढली म्हणून अॅट्रोपीन थांबवायचं नसतं, छाती ऐकून ठरवायचं. आणि पहिल्या दिवशी बरा दिसला म्हणून घरी नेऊ नका. साधारण एक ते चार दिवसांत मान उचलता न येणं, खांदे-मांड्या ढिल्या पडणं आणि मग श्वास उथळ होणं, असा दुसरा झटका काहींना येतो. तेव्हा लाळ-घाम काही नसतं, म्हणून नातेवाइकांना वाटतं अशक्तपणा आहे. मघाची मान उचलायची आणि एका श्वासाची चाचणी इथेही तीच.

भाता | ९ डिसेंबर, दुपारी ३:४०

+१. पेठरोड, तुमची पोस्ट आमच्या रेसिडेंट मुलांना पाठवतोय.

थंडी आहे म्हणून एक जोडतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर, किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि साधा ऑक्सिमीटर त्यालाच ऑक्सिजन समजतो. बेशुद्ध माणूस, सॅच्युरेशन ९९, श्वासही कदाचित ठीकठाक. इथे यंत्रही फसतं आणि मोजणाराही. दारं-खिडक्या उघडा, माणसाला बाहेर ओढा, हॉस्पिटलात पोचताक्षणी "गीझर चालू होता" हे सांगा. तेवढ्या वाक्याने निदान होतं, भरपूर ऑक्सिजन लगेच सुरू होतो.

परीक्षेचा ताप | ९ डिसेंबर, रात्री १०:१०

बीएस्सी नर्सिंग तिसरं वर्ष. ताई, धागा वाचून आज वॉर्डात पूर्ण मिनिट मोजला. एका काकांचा ३२ आला! चार्टवर आधीचे सहा वेळचे २०. मी ३२ लिहिला तर सीनिअर म्हणाली, एकदम ३२ कसा, डॉक्टर ओरडतील, २४ लिही. मग काय करायचं?

तिसरी पाळी | १० डिसेंबर, सकाळी ६:५०

आत्ता नाइट संपली.

३२ असेल तर ३२ च लिहायचा. पुढे "६० सेकंद मोजून" असं लिही आणि वेळ टाक. पण लिहून थांबू नकोस. दहा मिनिटांनी परत मोज, शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला तरी वेगळा मोजायला सांग. तोही तिशीत आला तर सीनिअरला आकडा सांगायचा नाही, पेशंट दाखवायचा. "मॅडम, काका चहाबद्दल दोन शब्दांत बोलतायत, मान ओढली जातेय, एकदा बघता का?" आकड्यावर वाद घालता येतो, समोर धापणाऱ्या माणसावर नाही घालता येत. तरी ऐकलं नाही तर ड्युटी डॉक्टरांना स्वतः कळव. आधीच्या सहा २० चं काय, तो वाद नंतर, तुझ्या पातळीवर तर नकोच. आणि काका आता कसे आहेत ते कळव.

हँडओव्हर देतानाही नुसतं "व्हायटल्स स्टेबल" म्हणू नकोस. मी असं देते: श्वास २६, मोजून. प्राँग्जवर (नाकातल्या नळीवर) २ लिटर, त्यावर सॅच्युरेशन ९१, लक्ष्य ८८ ते ९२. नाडी १०४, बीपी १३०/८०, ताप नाही. वाक्य मधे तोडतात, जागे आहेत, संध्याकाळपेक्षा मान जास्त ओढतायत. ऑक्सिजन किती लिटरवर ते न सांगता सॅच्युरेशन सांगणं म्हणजे अर्धीच गोष्ट. हवेवर ९१ वेगळा आणि दहा लिटरच्या मास्कवर ९१ वेगळा.

ड्युटी घेताना चार्टच्या आधी नळी बघ. भिंतीतल्या मीटरपासून नाकापर्यंत बोट फिरव. कुठे निघालीय, पलंगाच्या दांड्याखाली चेपलीय, मीटरची गोळी खाली बसलीय? पिशवीच्या मास्कची पिशवी फुगलेली आहे का? २१ एप्रिल २०२१ ला हॉस्पिटलची ऑक्सिजनची टाकी भरताना गळती होऊन पेशंट दगावले, ते नाशिकमध्ये वेगळं सांगायला नको. मी त्या दिवसापासून सिलिंडरचा काटाही स्वतः बघते, कुणी "आत्ताच बघितला" म्हटलं तरी.

परीक्षेचा ताप | १० डिसेंबर, सकाळी ११:५५

काकांना काल रात्रीच आयसीयूत हलवलं, बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणारं यंत्र) लावलाय. डॉक्टर ओरडले नाहीत. उलट विचारलं कुणी मोजला. सीनिअर माझ्याशी बोलत नाहीये.

ताई, बायपॅपवर असताना श्वास यंत्राचा धरायचा की पेशंटचा?

तिसरी पाळी | १० डिसेंबर, दुपारी १२:३०

दोन्ही लिही. यंत्राच्या पडद्यावर आलेला आणि छाती बघून मोजलेला. दोन्हींत मोठा फरक असेल तर मास्क गळतोय, किंवा पेशंटने जोर लावलेला काही श्वास यंत्राला कळतच नाहीयेत. मास्क घट्ट करण्याआधी नाकाच्या हाडावरची कातडी बघ, लाल झाली असेल तर पट्टी लाव. बोलशील तेव्हा बोलशील, सीनिअरशी आधी जेवायला बस.

बायपॅपचं बाकी सगळं इथे मावणार नाही, नवीन धागा काढ, मी आणि भाता येतो.